पायथनमध्ये फाइलचा पाथ: लातूर उघडतं, मग नांदेड का नाही?

विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, कॉपी ॲज पाथ, कोडमध्ये पेस्ट. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

घोळ इथून पुढं. समजा डी ड्राइव्हवर मोंढा नावाचा फोल्डर आहे, आत गावागावाच्या सोयाबीन भावाच्या फाइली, नावं सगळी इंग्रजी स्मॉल अक्षरांत. लातूरची बिनबोभाट उघडते, नांदेडची 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' अशी एरर देते, आणि उदगीरचा पाथ टाकला की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मग लोक परमिशन बदलतात, पायथन काढून परत टाकतात, कशाला? अवतरणात \ दिसला की पायथन त्याच्या पुढचं अक्षर बघतं. एन असेल तर नवी ओळ, नांदेड गेलं. टी म्हणजे टॅब, तुळजापूर गेलं. बी म्हणजे बॅकस्पेस, ए म्हणजे घंटी, म्हणजे बीड न औसा पण गेले. स्मॉल यू आला की पुढं चार हेक्स अंक (0 ते 9, ए ते एफ) लागतात, ते उदगीरात कुठून येणार, म्हणून थेट सिंटॅक्स एरर. कॅपिटल यूला तर आठ लागतात, सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरवर सगळे अडकतात ते ह्याच्यामुळंच. एलला असा काही अर्थ नाही म्हणून लातूर वाचतं, पण ते नशिबानं, आणि पायथन 3.12 पासून तिथंही वॉर्निंग येते. ती दाबून टाकू नका.

"प्रत्येक \ दोनदा लिहा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. चालतं, पण लांब पाथमध्ये एक राहतोच आणि मग शोधत बसा. अवतरणाआधी आर लावणं बरं, पेस्ट केलेल्या पाथला तेच करा, फक्त पाथच्या शेवटी एकटा \ ठेवू नका, तो बंद होणारं अवतरणच गिळतो. हातानं लिहीत असाल तर सरळ / वापरा, विंडोजवर पायथनला तो चालतो, लिनक्सवर तर तोच लागतो.

फोल्डर न फाइल जोडायला पाथलिब हे मॉड्यूल, पायथन 3.4 पासून सोबतच येतं. प्लसनं जोडू नका. आणि जोडताना फाइलच्या नावाआधी / टाकू नका, आधीचे फोल्डर उडून जातात.

इनपुटनं विचारून घेतलेल्या पाथला यातलं काहीच लागत नाही, फक्त कॉपी ॲज पाथसोबत आलेली अवतरणं काढा. जेसन (JSON) फाइलमध्ये मात्र आर चालत नाही, तिथं / च लिहा.