जुनं लढाऊ विमान घेताय की विकताय? या चुका टाळा

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखातला मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी तुळई, एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांची असते. धडाजवळ थर जास्त, टोकाकडे कमी. बाहेरची नळी लख्ख दिसते आणि आतल्या दोन नळ्यांच्या फटीत पांढरी भुकटी साठलेली असते. अॅल्युमिनियमचा गंज असाच दिसतो. विमान पाहायला गेलेला माणूस मात्र छद्मरंग आणि नाकावरचं चित्र बघून भाळतो. स्पार शेवटचा कधी उघडला, कुणी उघडला, त्याचे फोटो आहेत का, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर चहा पिऊन परत या.

दुसरी चूक मोठी, कारण तिथे पैसा धातूचा नसून विमानाच्या मूळ ओळखीचा असतो. पी9374 क्रमांकाचं स्पिटफायर मे 1940 मध्ये फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलं आणि वाळूत गडप झालं. 1980 मध्ये ते बाहेर काढलं, नव्याने घडवून 2011 मध्ये उडवलं आणि 2015 च्या लिलावात 31 लाख पौंडांना विकलं. अशा पुनर्बांधणीत नवा धातू किती आणि मूळ किती, हे लेखी मागा. नवा धातू असण्यात गैर काही नाही, लपवण्यात आहे. लॉगबुकं, म्हणजे उड्डाणं आणि दुरुस्त्यांच्या नोंदवह्या, सलग हवीत. मधली दहा वर्षं गायब असतील तर तेवढा भाव पाडायलाच हवा.

नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे मालकी, हाही एक गोड गैरसमज. ब्रिटन असो वा अमेरिका, तो कागद मालकीचा पुरावा ठरत नाही. विक्रीपत्रांची साखळी आणि विमानावरचं कर्ज तपासून घ्या. अमेरिकेत ही कागदपत्रं ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात मिळतात. बुडालेल्या विमानाचा तुकडा घेत असाल तर जास्तच सावध राहा. दलदलीतून कोर्सेअर हे अमेरिकी नौदलाचं जुनं लढाऊ विमान उपसणाऱ्या एका अमेरिकी हौशी माणसावर नौदलाने दावा लावला होता, कारण विमान पडलं तरी हक्क आपलाच, असं नौदलाचं म्हणणं.

पुरलेल्या खजिन्याच्या गोष्टींबद्दल काय बोलावं! म्यानमारमधल्या यांगूनजवळ खोक्यांत बंद स्पिटफायर पुरली आहेत म्हणून 2013 मध्ये खोदकाम झालं. एकही सापडलं नाही. तरीही ‘अमुक शेतात इंजिन आहे’ म्हणणारा भेटतोच.

‘ओव्हरहॉलनंतर शून्य तास’, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त केल्यावर अजून चाललेलंच नाही, हे ऐकून खूश होऊ नका. ओव्हरहॉल कधीचा? स्पिटफायरमधलं मर्लिन इंजिन वर्षानुवर्षं न फिरवता ठेवलं तर कॅमवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या उंचवट्यांवर, गंजाचे खड्डे पडतात. तेलाचा फिल्टर कापून, कागद उलगडून उन्हात धरा. धातूची चमक दिसली तर सौदा थांबवा. जेट असेल तर इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाच्या, काडतुसांची मुदत बघा, ती बदलायचा खर्च खरेदीनंतरच कळतो.

आता विकणाऱ्यांसाठी थोडं. हौसेच्या भरात ‘सोबत सुटे भाग’ एवढंच लिहू नका. प्रोपेलरची पाती, जादा चाकं, जिग (भाग जुळवताना धरून ठेवणारे साचे) हे सगळं क्रमांकांसकट यादीत लिहा. पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय लॉगबुकं देऊ नका, आणि दिल्यावर नोंदणी कार्यालयाला विक्री कळवा. नाहीतर विमान घेणाऱ्याकडे आणि कार्यालयाची पत्रं तुमच्या घरी.