लंडनमध्ये इस्टेट घेताय? (गाडी हो, जमीन नव्हे)

२०१४ साली मी आईला कोल्हापूरला फोन करून सांगितलं, "आम्ही इस्टेट घेतली." पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, "किती गुंठे?" इकडे इस्टेट म्हणजे एक प्रकारची गाडी, हे तिला पटवायला पाच मिनिटं गेली. छत मागच्या दारापर्यंत सरळ गेलेलं, डिकी लांबलचक, पण बसायला साध्या कारइतकीच बुटकी. नव्वदच्या दशकात टाटांनी याच नावाची गाडी पुण्यात बनवली होती. आपल्याकडे ती चालली नाही. इथे मात्र दोन पोरं, प्रॅम, स्कूटर आणि आठवड्याचा बाजार कोंबायला याहून सोयीची गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे. एसयूव्ही उंच दिसते म्हणून लोक घेतात, पण तेवढ्याच लांबीच्या इस्टेटची डिकी बहुतेक वेळा मोठी निघते.

ती आमची पहिली इस्टेट डिझेल होती, २०१२ ची. तेव्हा रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर ठरायचा, डिझेलला कमी बसायचा, आणि ऑफिसात जो तो "डिझेलच घ्या" म्हणून सांगायचा. घेतली. पण आम्ही राहायचो लंडनच्या हॅरो उपनगरात, शाळा दीड मैलावर, दुकान एका मैलावर. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, साफ व्हायला गाडी लांबवर, गरम होईपर्यंत पळावी लागते. आमची गरमच व्हायची नाही. दोनदा जाळी तुंबली, दोनदा गॅरेजवाल्याने खिसा हलका केला. आणि २९ ऑगस्ट २०२३ ला युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचं शुल्क घेणारा नियम, लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (कौन्सिलच्या विभागांमध्ये) लागू झाला, तेव्हा ती गाडी नुसती दारातून हलवली तरी दिवसाला १२.५० पौंड. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर ३,१२५ पौंड. गाडीची किंमतही तेवढी उरली नव्हती.

हे सगळं रामायण सांगायचं कारण, नवीन आलेल्यांचे मला जे फोन येतात त्यांतला निम्म्याहून जास्त वेळ युलेझच्या धसक्यात जातो. "इलेक्ट्रिकच घ्यावी लागेल ना? हायब्रिड तरी?" अहो, नाही. युलेझचा नियम सरळ आहे: धुराच्या युरोपीय मानकांप्रमाणे पेट्रोल गाडी किमान युरो ४ हवी, डिझेल किमान युरो ६. पेट्रोल गाड्या साधारण २००६ पासूनच्या पास होतात, डिझेल साधारण सप्टेंबर २०१५ नंतरच्या. तुम्ही एक-दोन वर्षं वापरलेली, इथल्या भाषेत 'निअरली न्यू' गाडी बघत असाल, तर ती पेट्रोल असो की डिझेल, युलेझ तुम्हाला लागत नाही. लंडनची वाहतूक बघणाऱ्या टीएफएलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून खात्री करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि मग तो विषय डोक्यातून काढून टाका. बर्मिंगहॅमला कारला ८ पौंड, ब्रिस्टलला ९ पौंड, तिथेही हीच अट. ग्लासगो-एडिनबराला तर रोजचं शुल्क नाहीच, थेट ६० पौंड दंड, आणि पुन्हा सापडलात तर दुप्पट. पण नियम पाळणाऱ्या गाडीला तिथेही कोणी विचारत नाही.

युलेझचा सापळा आहे तो स्वस्ताईच्या टोकाला. दीड-दोन हजार पौंडांत सुरेख दिसणारी, कातडी सीटची, मोठ्या डिकीची जुनी डिझेल इस्टेट दिसेल आणि तुम्हाला वाटेल लॉटरी लागली. ती स्वस्त असण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. शिवाय युलेझचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात. नाताळाचा दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास. म्हणजे लंडनबाहेरच्या स्लाववरून डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात संध्याकाळच्या कार्यक्रमाला आलात, गप्पा रंगल्या आणि साडेबाराला निघालात, तर दोन दिवसांचे २५ पौंड. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरले नाहीत तर १८० पौंडांचं पत्र घरी, चौदा दिवसांत भरलं तर ९०.

मग नव्याकोऱ्यासारख्या गाडीत पैसे जातात कुठे? इथे नीट लक्ष द्या, कारण हे डीलर आपणहून सांगत नाही. एप्रिल २०१७ नंतर नोंदवलेल्या गाडीला पहिल्या वर्षानंतर सरसकट सारखाच रोड टॅक्स असतो, २०२५-२६ मध्ये १९५ पौंड. पण पेट्रोल, डिझेल किंवा हायब्रिड गाडीची नवी असतानाची छापील किंमत ४०,००० पौंडांच्या वर असेल, तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं त्यावर जादा कर, २०२५-२६ च्या दराने आणखी ४२५ पौंड. म्हणजे त्या वर्षी एकूण ६२०. आणि हिशोब होतो तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, छापील किमतीवर, तीही पहिल्या मालकाने हौसेने घातलेल्या काचेच्या छतासकट आणि भारी स्पीकरांसकट. समजा दोन वर्षांची जर्मन इस्टेट तुम्हाला २७,००० ला मिळतेय. तुम्ही खूश. पण नवी असताना ती ४४,००० ची होती, तर पुढची चार वर्षं तो जादा कर तुमच्या गळ्यात. त्याच जातीची दुसरी, ३९,५०० छापील किमतीची, शेजारीच उभी असू शकते, तिला काही नाही. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून टॅक्स किती येतो ते बघायचं, आणि मगच टेस्ट ड्राइव्हला जायचं. उलटं केलंत तर मन गाडीत अडकतं.

दुसरं म्हणजे कंजेशन चार्ज. युलेझ आणि हा एकच, असं अनेकांना वाटतं. हा फक्त अगदी मध्य लंडनचा, २००३ पासूनचा, आणि गाडी कितीही स्वच्छ असो, लागतोच. हायब्रिडला सूट आहे हा गैरसमज अजून फिरतोय. ती २०२१ मध्येच गेली. २ जानेवारी २०२६ पासून हा चार्ज १८ पौंड झालाय आणि इलेक्ट्रिक गाड्यांचीही पूर्ण माफी संपली, ऑटो पे (टीएफएलचं खातं, ज्यातून शुल्क आपोआप कापलं जातं) लावलं तर २५ टक्के सूट तेवढी मिळते. आमच्या घरचा नियम: मध्य लंडनला ट्यूबने. याशिवाय डार्टफोर्ड क्रॉसिंग आणि सिल्व्हरटाउनचा बोगदा, यांचे टोल वेगळे. काही बरो पार्किंग परमिटचे पैसेही गाडीच्या धुरावर ठरवतात, तेव्हा घर भाड्याने घेतानाच कौन्सिलचे दर बघून ठेवा.

आता पेट्रोल, हायब्रिड, डिझेल की इलेक्ट्रिक. माझ्या मते हा प्रश्न तुमच्या घराच्या दारात सुटतो. स्वतःचा ड्राइव्हवे आहे का? असेल तर इलेक्ट्रिक इस्टेटचा जरूर विचार करा. रात्रीच्या स्वस्त दराने घरी चार्ज केली की चालवायला फार कमी लागतं. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर बाहेरच्या चार्जरवर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त दर, त्यात व्हॅटही घरी ५ टक्के आणि बाहेर २० टक्के. प्लग-इन हायब्रिडचंही तेच. प्लग न लावता वापरायची म्हणजे जड बॅटरीची हमाली. डिझेल फक्त त्यांनी घ्यावी जे आठवड्यातून दोन-तीनदा मोटरवेवर लांब जातात. बाकी शाळा, स्टेशन, वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून कढीपत्ता आणि अळू आणणं, एवढाच संसार असेल तर साधी पेट्रोल किंवा स्वतः चार्ज होणारी हायब्रिड. ॲव्हरेज इथे मैल प्रति गॅलनमध्ये सांगतात आणि इथला गॅलन साडेचार लिटरचा. ५० एमपीजी म्हणजे आपले लिटरला साधारण १७.७ किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

डिझेल विकल्यावर आम्ही चौदा महिने वापरलेली टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स घेतली, १.८ ची हायब्रिड. डिकी ५९६ लिटर. डर्बीशरमध्येच बनते, आणि सर्व्हिस त्यांच्याच डीलरकडे करत राहिलं तर वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढत जाते. मागची सीट मात्र जरा अरुंद आहे, हे कबूल. दोन चाइल्ड सीट लावल्या की मध्ये आजी बसत नाही. आमच्या सासूबाई पुढे बसतात आणि नवरा मागे अंग चोरून. मागे जास्त जागा हवी असेल तर स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट बघा, डिकी ६४० लिटर. कियाच्या सीड स्पोर्ट्सवॅगनला ६२५ लिटर, आणि सात वर्षांची वॉरंटी दुसऱ्या मालकालाही पुढे चालू मिळते. निअरली न्यू गाडीत हा मुद्दा सोन्यासारखा. पण लिटरचे आकडे वाचून ठरवू नका. प्रॅम आणि भारतातून आणलेल्या दोन सर्वांत मोठ्या बॅगा घेऊन शोरूमला जा. हसतील, हसू देत. आई-बाबा हीथ्रोला उतरतील तेव्हा त्यांच्या चार बॅगा, त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि एक अनाकलनीय पितळी डबा, हे सगळं त्याच डिकीत जायचंय.

लायसन्सचं विसरू नका. भारतीय लायसन्सवर इथे स्थायिक झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पुढे इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यावीच लागते, नुसतं बदलून मिळत नाही. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीत तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. हायब्रिड सहसा ऑटोमॅटिकच असतात, पण घरात दुसरं कोणी गिअरची गाडी घेणार असेल तर विचार करून ठरवा. विमा पहिल्या वर्षी छातीत धस्स करणारा येतो, कारण तिकडचं वीस वर्षांचं ड्रायव्हिंग बहुतेक कंपन्या धरत नाहीत. म्हणून गाडी पसंत करायच्या आधी तिच्या नंबरवर विम्याचे दर काढा. एकाच गाडीच्या दोन इंजिनांत शेकड्यांचा फरक निघतो.

नंबरप्लेट वाचायला शिका. '२५' म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०२५, '७४' म्हणजे सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५. दर मार्च-सप्टेंबरला नवी प्लेट येते, तेव्हा लोक जुन्या गाड्या देऊन नव्या घेतात आणि शोरूममध्ये चांगला माल येतो. 'प्री-रेज' म्हणजे डीलरने आपल्याच नावावर नोंदवलेली, जवळपास न चाललेली गाडी. 'एक्स-डेमो' म्हणजे टेस्ट ड्राइव्हला वापरलेली. दोन्ही चालतील, पण वॉरंटीची तारीख तुमच्या खरेदीपासून नाही, पहिल्या नोंदणीपासून धावते. थकलेलं कर्ज आणि अपघाताची नोंद तपासायला वीसेक पौंड खर्च करा. कॅटेगरी एस किंवा एन, म्हणजे नुकसानीमुळे विमा कंपनीने एकदा मोडीत काढलेली गाडी, दिसली तर वाट धरा. लॉगबुक, म्हणजे इथलं नोंदणीचं कागदपत्र, हा मालकीचा पुरावा नसतो, हे आपल्या आरसी बुकच्या सवयीमुळे पटकन पचत नाही. आणि डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरा: गाडी ३०,००० पौंडांच्या आतली असेल तर पुढे काही बिनसल्यास कार्ड कंपनीही डीलरइतकीच बांधील असते. डीलरकडून घेतलेल्या गाडीत मोठा दोष निघाला तर तीस दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेतलीत तर हे संरक्षण नाही, म्हणून पहिली गाडी तरी डीलरकडूनच.

पैसे दिले म्हणजे लगेच चावी फिरवायची नाही. रोड टॅक्स जुन्या मालकाबरोबर संपतो, गाडीबरोबर येत नाही. लॉगबुकच्या हिरव्या चिठ्ठीवरचा नंबर टाकून फोनवरच टॅक्स भरा, विमा चालू झालाय का बघा, मग निघा. जुनी गाडी विकत असाल तर तिचा नंबर आपल्या ऑटो पे खात्यातून त्याच दिवशी काढून टाका. मी आठवडाभर विसरले होते, आणि नव्या मालकाच्या चार फेऱ्यांचे ५० पौंड माझ्या खात्यातून गेले.