लग्नाचा पन्नासावा वाढदिवस करताय? आधी माणसं शोधा, मग हॉल

हॉल बघायला निघायच्या आधी लग्नातला ग्रुप फोटो शोधून काढा. सासूसासऱ्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आणि नंतर माझ्या आईबाबांचा पन्नासावा, असे दोन्ही समारंभ मी जवळून केले. पाहुण्यांची यादी त्या फोटोवरून सुरू करायची, हे माझं आता पक्कं मत आहे. यादी मुलांच्या फोनमधल्या नंबरांवरून सुरू झाली की हॉल भरतो, पण त्यातली निम्मी माणसं मुलांच्या ओळखीची निघतात आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललंय ते दोघं दिवसभर नुसते हात जोडत बसतात.

फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे मोठा करून छापला तरी चेहरे फुटत नाहीत. अल्बमच्या चिकट पानाला तो घट्ट बसला असेल तर ओढू नका. दात साफ करायचा धागा फोटोच्या खालून हळूहळू सरकवत नेला की बरेचदा सुटतो. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा. मोठी प्रत काढून प्रत्येक चेहऱ्यावर पेनाने नंबर घाला आणि वहीत त्या नंबरांपुढे नावं लिहीत जा. हे काम आई आणि बाबा दोघांना शेजारी बसवूनच करा, कारण एकाला जे आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. आमच्याकडे मागच्या रांगेतल्या एका मुलीवरून अर्धा तास वाद चालला होता. ती आईची मैत्रीण, आणि तिचं नाव आठवलं बाबांना!

त्याच फोटोत बाबांच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात. कोट मित्राचा होता आणि तो मित्र बाबांपेक्षा चांगला वीतभर उंच. इतक्या वर्षांत आईला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या काकांचा फोन नंबर कोणाकडेच नव्हता. मग त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एकाला विचारलं, त्याने त्यांच्या पुतण्याचा नंबर दिला, आणि काका सापडले. अशा शोधाला वेळ लागतो. म्हणून सहा महिने आधी सुरुवात करा. बाकीची तयारी तीन महिन्यांत सहज होते.

आता खुद्द त्या दोघांना विचारायचं, आणि वेगवेगळं विचारायचं. ‘समारंभ करूया का?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘कशाला उगाच खर्च?’ त्यावर विसंबून विषय बंद करू नका आणि परस्पर काही ठरवूही नका. त्याऐवजी ‘कोणाला भेटावंसं वाटतंय?’ असं विचारा. बाबांनी सहा नावं सांगितली, आईने तीसच्या वर सांगितली. त्यावरून मला कळलं की बाबांना गर्दी नको आहे, पण माणसं हवी आहेत. म्हणून लग्नाच्या खऱ्या तारखेला फक्त घरातले आम्ही जमलो आणि मोठा कार्यक्रम पुढच्या सुट्टीच्या दिवशी ठेवला. वय झालेल्या जोडप्याला अचानक धक्का देणारी पार्टी मला मुळीच पटत नाही. औषधाच्या वेळा असतात, दुपारची झोप असते, चांगले कपडे घालून तयार व्हायची हौस असते. आणि महिनाभर वाट बघण्यात जो आनंद असतो, तो तुम्ही काढून घेता.

किती माणसं बोलवायची, याचा एक सरळ हिशोब आहे. प्रत्येक पाहुण्याने त्या दोघांशी दोनच मिनिटं बोलायचं म्हटलं तर १५० जणांना पाच तास लागतात. साठ जणांना दोन तास पुरतात. पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाला सलग तीन तासांपेक्षा जास्त वेळ लोकांत बसवू नये असं मला वाटतं, आणि त्यात जेवणही आलं. यादी मोठीच होत असेल तर दोन दिवसांत विभागा: एक दिवस नातेवाईक, एक दिवस मित्रमंडळी.

पैशांचं बोलणं भावंडांनी बुकिंगच्या आधी उरकावं आणि लिहून ठेवावं. सगळ्यांनी सारखेच पैसे घालायला हवेत असं काही नाही. जो जवळ राहतो त्याच्या वाट्याला धावपळ येते, तो पैसे कमी देईल. लांब राहणारा जास्त देईल. हिशोब मात्र एकाच्याच हातात असावा.

कितवा वाढदिवस मोठा मानायचा, हे तुमच्या घरावर आहे. पंचवीस म्हणजे रौप्य, पन्नास म्हणजे सुवर्ण, साठ म्हणजे हीरक, पंचाहत्तर म्हणजे अमृत महोत्सव, हे आपल्याला पाठ असतं. हिऱ्याचा मान इंग्लंडात पूर्वी पंचाहत्तराव्या वर्षाला होता. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली, तिचा हीरक महोत्सव झाला आणि साठाव्याला हिरा चिकटला तो कायमचा. म्हणजे हे आकडे माणसांनीच सोयीने ठरवलेले आहेत. उशिरा लग्न झालेल्या जोडप्याचा पंधरावा किंवा मोठ्या आजारपणातून दोघं बाहेर पडले त्या वर्षीचा वाढदिवस धूमधडाक्यात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

जागा बघायला जाल तेव्हा सजावट शेवटी बघा. आधी पायऱ्या मोजा, स्वच्छतागृह किती लांब आहे ते चालून बघा आणि खुर्चीत बसून उठून बघा. हात असलेली, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची वयस्कर माणसाला सोयीची पडते. मऊ, खोल सोफ्यातून उठताना दर वेळी कोणाचा तरी हात धरावा लागतो. आणि कृपा करून त्यांना स्टेजवर बसवू नका. स्टेजवर बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही, रांग लावून फोटो काढतात आणि उतरतात. आम्ही आईबाबांना हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या बरोबरीने बसवलं आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली. ज्याला बोलायचं तो येऊन बसायचा, थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी उठायचा. माझ्या भाच्याकडे फक्त एवढंच काम होतं: त्या दोन खुर्च्यांवर कोणी ठाण मांडलं तर गोड बोलून त्याला जेवायला न्यायचं.

आवाजाकडे मी जास्तच लक्ष देते, कारण माझ्या सासऱ्यांना कानाचं यंत्र आहे. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं नीट कळत नाहीत, त्यामुळे आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. त्यात मागे गाणी लावली की यंत्र गाणीही मोठी करून कानात ओततं. म्हणून गप्पांच्या वेळी संगीत पूर्ण बंद ठेवा. गाणी लावायचीच तर लोक येत असताना लावा. भाषणाला मात्र हॉल लहान असला तरी माइक घ्या. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ म्हणणाऱ्यालाही द्या.

भाषणं चारपेक्षा जास्त नकोत आणि एकेक तीन मिनिटांचं. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावून बघायला सांगा. बोलणाऱ्याला आधीच विनंती करा की विशेषणं नकोत, एक प्रसंग सांगा. ‘आदर्श जोडपं’ हे शब्द तर टाळाच. पन्नास वर्षांत भांडणं झालेली असतात, अबोला झालेला असतो, आणि ते दोघं समोर बसून ऐकत असतात. माझ्या आत्याने सांगितलं की तिच्या परीक्षेच्या वर्षी आईबाबांनी घरातली एकुलती एक खोली तिला अभ्यासाला दिली आणि स्वतः वर्षभर स्वयंपाकघरात झोपले. मिनिटभरात सांगून ती खाली बसली. त्यापुढे कौतुकाचं वेगळं काही बोलायची गरजच उरली नाही.

जे येऊ शकणार नाहीत त्यांचा व्हिडिओ कॉल भर कार्यक्रमात लावण्यापेक्षा आधी रेकॉर्डिंग मागवा. हॉलमधलं नेटवर्क, तिकडची वेळ, ‘ऐकू येतंय का?’ यातच सगळा वेळ जातो. प्रत्यक्ष बोलणं कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी घरून, निवांत होऊ दे.

जे आता नाहीत, त्यांचा उल्लेख कसा करायचा हे आईबाबांना विचारून ठरवा. पन्नासाव्याला लग्नातल्या फोटोतली बरीच माणसं गेलेली असतात. आमच्याकडे आईने नावं स्वतः लिहून दिली आणि कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला भावाने ती वाचली. मध्येच कोणी रडवेल याची धास्ती मग राहिली नाही.

दोघांपैकी एकाला विसरण्याचा आजार असेल, तरी समारंभ करा, पण लहान करा. मागे एक शांत खोली हाताशी ठेवा. पाहुण्यांना आधीच सांगा की ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. जवळ जाऊन, समोर बसून, ‘मी तुमचा अमुक, तुमच्या शेजारी राहायचो’ असं आपणच सांगायचं. कालचं आठवत नसलं तरी जुनं बरेचदा शाबूत असतं, म्हणून तो लग्नातला मोठा फोटो त्यांच्या हाताशी ठेवा.

आईबाबांचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर ते कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात, घरी, पंखा बंद करून करा. फोन दोघांच्या मध्ये, हातभर अंतरावर ठेवा. ‘तुमच्या सहजीवनाबद्दल सांगा’ म्हणालात तर दोघंही गप्प बसतील. ‘पहिल्या घराचं भाडं किती होतं? स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं? पहिलं भांडण कशावरून झालं?’ असं विचारा. एक सांगायला लागला की दुसरा दुरुस्त करतो, आणि खरं रेकॉर्डिंग तिथून सुरू होतं.

निमंत्रणात भेटवस्तू नकोत असं लिहिणार असाल तर सोबत दुसरं काहीतरी मागा, नाहीतर लोक काही ना काही घेऊन येतातच. आम्ही एकेक हाताने लिहिलेलं पत्र मागितलं होतं. ती पत्रं त्या दिवशी उघडायला लावू नका. आईबाबा रोज दुपारी एकेक वाचत होते, बरेच दिवस पुरली.

फोटोग्राफरला कोणाकोणाचे एकत्र फोटो हवेत याची यादी द्या आणि ओळख पटवायला घरातला एक जण त्याच्यासोबत ठेवा. लग्नाच्या फोटोतली जी माणसं आली असतील, त्यांना जमेल तसं त्याच रांगांमध्ये उभं करून एक फोटो घ्या. तो सगळ्यात आधी घ्या, जेवणानंतर लोक पांगतात.

नंतरचं काम आठ दिवसांत उरका. फोटो आणि रेकॉर्डिंग फोनमधून काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना छापील प्रती पाठवा. आणि नंबर घातलेल्या प्रतीवरून सगळी नावं एका कागदावर उतरवून तो कागद जुन्या फोटोच्या पाकिटात घाला. मूळ फोटोच्या मागेच लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल वापरा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.