घरच्या कॉम्प्युटरवरून मित्रांना फाईल्स देताय? या चुका टाळा

मोठा व्हिडिओ किंवा हजारभर फोटो मित्राला द्यायचे असतील तर मधे कुणाच्या क्लाउडवर टाकायचे, मग त्याने ते उतरवायचे, यापेक्षा आपल्या मशीनवरून सरळ त्याच्या मशीनवर गेलेले कधीही चांगले. मी स्वतः तसंच करतो. पण घाईघाईत लोक असं काहीतरी करून बसतात की मित्रासाठी उघडलेलं दार सगळ्या जगाला उघडं राहतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे राउटरमधे जाऊन पोर्ट ४४५ फॉरवर्ड करणं (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर दिलेलं दार, आणि फॉरवर्ड म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरने त्या दारापर्यंत सोडणं). हा विंडोजच्या फाईल शेअरिंगचा पोर्ट, तो घरातल्या घरात वापरायचा असतो, इंटरनेटवर उघडा टाकायचा नसतो. मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाचं, फाईल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते याच शेअरिंगमधल्या एका भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच (ते भोक बुजवणारं अपडेट) मार्चमधेच दिला होता, तो ज्यांनी टाकला नव्हता त्यांना फटका बसला. पोर्ट २१ वरचं साधं एफटीपी (फाईल्स पाठवायची जुनी पद्धत) पण नकोच, त्यात पासवर्ड उघडाच जातो, वाटेत कुणीही वाचू शकतं. सर्व्हरच चालवायचा असेल तर एसएफटीपी चालवा, त्यात सगळं एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे वाटेत वाचता येणार नाही असं जातं, आणि लॉगिनला पासवर्डऐवजी की (ओळख पटवणारी गुप्त फाईल) ठेवा.

बरं, पोर्ट फॉरवर्ड केला तरी मित्राला कनेक्टच होत नाही, ही तक्रार हमखास येते. आधी बघा की तुम्ही त्याला १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) तर नाही ना पाठवला, तो फक्त तुमच्या घरात चालतो. नसेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) आणि एखाद्या साईटवर दिसणारा तुमचा आयपी जुळवून बघा. दोन्ही वेगळे असले आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय, मग राउटरमधे कितीही खटपट केली तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. तिथे वेळ घालवू नका.

अशा वेळी सिंकथिंग (दोन मशीनवरचे फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्रॅम) वापरा, पोर्ट उघडायची गरज नाही, सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं, थेट जोडणी जमली नाही तर रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून जातं (स्लो होतं, पण रिलेवाल्याला आतलं काही दिसत नाही). दोघांनी एकमेकांचा डिव्हाइस आयडी ॲड करायचा, एकानेच केला तर काही होत नाही. आणि इथली चूक फार महागात पडते: फोल्डर मुळात दोन्ही बाजूंनी सिंक होणारा असतो, म्हणजे मित्राने जागा कमी पडली म्हणून त्याच्याकडचे फोटो उडवले की तुमच्याकडचे पण उडतात!! तुमच्या बाजूला फोल्डर टाइप 'सेंड ओन्ली' करा, आणि दोन्ही बाजूंनीच सिंक ठेवायचा असेल तर फाईल व्हर्जनिंग (समोरून उडवलेल्या, बदललेल्या फाईल्सची जुनी कॉपी ठेवणं) चालू करा, ते आपोआप चालू नसतं. तरीही सिंक म्हणजे बॅकअप नाही, मूळ फोटोंची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर पाहिजेच.

एकदाच काहीतरी द्यायचं असेल तर ओनियनशेअर हा प्रोग्रॅम छान आहे, तो टॉर नेटवर्कवरून फाईल्सची लिंक देतो, मित्राला फक्त टॉर ब्राउझर लागतो. 'मला मिळालं पण दुसऱ्याला लिंक उघडेना' असं मित्र म्हणाला तर घाबरू नका, पहिलं डाउनलोड झालं की ओनियनशेअर शेअरिंग आपणहून बंद करतं, दोघांना द्यायचं असेल तर फाईल्स गेल्यावर शेअरिंग थांबवायची टिक आधी काढा.

अख्खी डी ड्राइव्ह कधीच शेअर करू नका, वेगळा फोल्डर करा आणि त्यात मोजकंच कॉपी करा, नाहीतर आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स सगळं सोबत जातं. फोटोत लोकेशन असतं तेही बघा. झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलची नावं दिसतात, सेव्हन झिप या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फॉरमॅटमधे नावं लपवायची टिक आहे ती लावा, आणि पासवर्ड लिंकसोबत त्याच चॅटमधे न देता फोनवर सांगा.

मधेच तुटतंय? बहुतेक वेळा कॉम्प्युटर स्लीपला गेलेला असतो. खूप वेळ लागतोय? तुमचा अपलोड स्पीड बघा, डाउनलोड नाही, २० एमबीपीएस अपलोड असेल तर ४ जीबीला अर्धा तास धरून चला. फाईल पोचली पण उघडत नाही असं झालं तर दोघांनी सेव्हन झिपमधून फाईलचा एसएचए-२५६ (फाईलच्या ठशासारखा कोड) काढा आणि जुळवा, वेगळा आला तर पुन्हा पाठवा. आणि पूर्वी कधी राउटरवर पोर्ट उघडून ठेवला असेल तर तो आजच जाऊन बंद करा.