तोमोनोउराला निघण्यापूर्वी

तोमोनोउराला जायचे ठरले की विमानाच्या तिकिटाआधी पंचांग उघडावे. हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा शहराच्या दक्षिणेचे हे बंदर सेतो आंतरसमुद्राच्या साधारण मध्यावर आहे. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून शिरणारी भरती याच परिसरात एकत्र येते व ओहोटीला दोन्हीकडे ओसरते, त्यामुळे शिडाच्या जहाजांना प्रवाह अनुकूल होईपर्यंत येथे नांगर टाकून थांबावे लागे आणि त्या खोळंब्यावरच गावाची भरभराट झाली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे, उधाणाचे दिवस निवडावेत. 1859 सालच्या दगडी दीपस्तंभाजवळच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, कोणत्याही पातळीला मालाची चढउतार व्हावी म्हणून. भरतीला बुडालेल्या पायऱ्या ओहोटीला शेवाळासह उघड्या पडतात, हे पाहायचे तर दोन्ही वेळा तेथे हजर असायला हवे. म्हणून निदान दोन रात्रींचा मुक्काम आधीच ठरवावा. सकाळी येऊन दुपारी परतण्याचा बेत मी तरी कोणाला सुचवणार नाही. जून ते जुलैच्या मध्यापर्यंतचा पावसाळा शक्यतो टाळावा.

फुकुयामाला शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, थांबते आणि तेथून बसने सुमारे अर्धा तास लागतो. गल्ल्या अरुंद आहेत, तेव्हा मोठी बॅग कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवून पाठीवर मावेल एवढेच सामान ठेवावे आणि रोख येन जवळ बाळगावेत.

शाकाहारी माणसाने जेवणाची तयारी सर्वांत काळजीपूर्वक करावी. हे मासेमारीचे गाव आहे, आणि भाजी किंवा टोफूच्या पदार्थातही माशाचा अर्क असलेला रस्सा असू शकतो, ही गोष्ट पाहून कळत नाही. मांस, मासे आणि माशाचा रस्सा चालत नाही, असा स्पष्ट मजकूर जपानीत लिहून घ्यावा, तो मुक्कामाची जागा आरक्षित करतानाच कळवावा आणि छापील प्रतही जवळ ठेवावी. साधा भात मिळतो, त्यामुळे मेतकुटाची पुडी फार उपयोगी पडते.

निघण्यापूर्वी थोडे वाचनही करावे. बंदराचा काही भाग बुजवून पूल बांधण्याची योजना 1983 पासून चर्चेत होती. रहिवाशांच्या दाव्यावर 2009 मध्ये हिरोशिमा जिल्हा न्यायालयाने भरावाला मनाई केली आणि पुढे ती योजना बारगळली, हे ठाऊक असले की आजचा किनारा कोणाच्या चिकाटीमुळे असा राहिला ते समजते. जुन्या घरांत माणसे राहतात, तेव्हा दारांतून आत कॅमेरा रोखू नये. फुकुझेन्जी मंदिराच्या ताइचोरो दालनासाठी स्वच्छ मोजे आणि मोकळा तास राखून ठेवावा: 1711 मध्ये कोरियाच्या राजदूत-मंडळातील एका अधिकाऱ्याने वाखाणलेले समोरच्या बेटांचे दृश्य तेथे चटईवर बसून पाहता येते. इओजी मंदिरामागच्या टेकडीला 583 पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर त्या खुशाल सोडाव्यात आणि सेनसुइजिमा बेटाची होडी पकडावी, पाचच मिनिटे लागतात.

होमेइशु हे दालचिनी-लवंगांसह 16 औषधी घटकांचे गोड मद्य येथे 1659 पासून बनते. बाटली घ्यायची असेल तर परतीच्या चेक-इन सामानात जागा आणि गुंडाळायला एक जाड टॉवेल ठेवावा, कारण मोठी बाटली हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत.