साल्सा की बचाता? चौथी मात्रा सांगते

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहायला आले तेव्हा खालच्या सलूनमधून दिवसभर गिटार ऐकू यायची. ती बचाता, डॉमिनिकन रिपब्लिकचं गाणं आणि नाच. वस्ती डॉमिनिकन लोकांची, त्यामुळे साल्सा या दुसऱ्या लॅटिन नाच-गाण्याआधी हीच कानात बसली. पुढे साल्साच्या वर्गात गेले आणि पहिल्याच दिवशी पाय अडले. लहानपणी भजनात टाळ धरलेला, म्हणून घरी येऊन बोटांवर मात्रा मोजत बसले. तेव्हा कुठे उलगडा झाला.

दोन्हींत आठ मात्रा मोजतात. साल्सात १, २, ३ वर पावलं, ४ रिकामी. मग ५, ६, ७ आणि ८ रिकामी. रिकामी म्हणजे गोठून उभं राहायचं नाही, तिसऱ्या पावलावर शरीराचा भार सावकाश येऊ द्यायचा. नवखी माणसं नेमकं इथेच चौथं पाऊल टाकतात आणि पुढचं सगळं चुकतं.

बचातात तीच मात्रा भरलेली. एका बाजूला तीन पावलं, चौथ्या मात्रेला पाय नुसता टेकवायचा आणि त्याच बाजूची कंबर उचलायची. टेकवलेल्या पायावर भार अजिबात टाकू नका, कारण परतीचं पहिलं पाऊल त्याच पायाचं असतं.

गाणं ओळखायचं वाद्यांवरून. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, पियानोची फिरत राहणारी चाल आणि कोंगा हे उंच ढोल असतील तर साल्सा. गिटारचे छेडलेले सूर, बोंगो ही छोट्या ढोलांची जोडी आणि मागे सतत घासणारी ग्विरा असेल तर बचाता. साल्सातला ग्विरो वाळक्या भोपळ्याचा असतो, ही ग्विरा धातूची. खसखस लगेच वेगळी कळते.

बचाता म्हणजे दोन साल्सांमधली विश्रांती, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियो १९६१ मध्ये मारला गेला, त्यानंतर १९६२ मध्ये होसे मानुएल काल्देरोन यांनी पहिली बचाता ध्वनिमुद्रित केली. गरिबांचं, दारूच्या गुत्त्यांतलं गाणं म्हणून प्रतिष्ठितांनी ती कितीतरी वर्षं हिणवली. २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत तिचं नाव आलं. साल्साची मुळं मुख्यतः क्यूबाच्या 'सोन' या संगीतप्रकारात, पण ती या नावाने घडली ती इथे न्यूयॉर्कमध्येच, पोर्तो रिकन आणि क्यूबन वादकांच्या हातून.

सरावासाठी आठवडाभर आरसा नको, जोडीदारही नको. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मोठ्याने मात्रा म्हणत पावलं टाका. कार्यक्रमात गाणं सुरू झालं की आधी आठ मात्रा उभ्या उभ्या ऐका. ग्विरा कानावर आली की मगच हात पुढे करा आणि बाजूला सरका. पियानो आला तर साल्साची पावलं, पुढे-मागे.