पेशीने जंतूचा कोणता भाग ओळखला? टीएचपी-१ पेशींवर असं तपासा

मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी रोगप्रतिकारक पेशी, अख्खा जंतू ओळखत नाही, त्याचा एखादा ठरावीक रेणू ओळखते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्य आवरणातलं एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड) टीएलआर४ हा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) पकडतो, लिपोप्रोटीन टीएलआर२, कशाभिकेतलं फ्लॅजेलिन टीएलआर५. तुमच्या नमुन्याने टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) वाढवलं, एवढ्यावरून यातलं काय घडलं ते कळत नाही.

९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला १ लाख टीएचपी-१ पेशी (माणसाच्या ल्युकेमियातून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मोनोसाइट पेशी) घाला. त्यांना मॅक्रोफेजसारखं बनवणारं पीएमए हे रसायन २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ४८ तास. पेशी तळाला चिकटल्या की धुवून २४ तास नुसत्या मीडियममध्ये राहू द्या. हा विसावा गाळू नका. पीएमएचा प्रभाव ओसरला नसेल तर काहीही न घातलेल्या वेलमध्येही टीएनएफ चढलेलं दिसतं. मीडियममध्ये १०% सीरम हवंच, कारण त्यातलं एलबीपी प्रथिन एलपीएसला पेशीवरच्या सीडी१४ या प्रथिनापर्यंत पोचवतं.

तुलनेसाठी अतिशुद्ध एलपीएस १० नॅनोग्रॅम आणि पॅम३सीएसके४ (टीएलआर२ला चेतवणारी लिपोप्रोटीनची कृत्रिम नक्कल) १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घाला. साध्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीनची भेसळ असते आणि टीएलआर२ही जागा होतो. एलपीएसचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात, म्हणून प्रत्येक वेळी कुपी मिनिटभर व्होर्टेक्स करा. ६ तासांनी वरचा द्रव काढून टीएनएफ मोजणारी एलायझा चाचणी लावा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनांत. प्रथिनाला प्रतिसाद मिळाला म्हणून आनंद होतो, आणि तो असतो उरलेल्या एंडोटॉक्सिनचा, म्हणजे एलपीएसचा. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना एलपीएस दाद देत नाही. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडी तापवावी लागतात. म्हणून दोन वेल जास्त ठेवा. एकात ९५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला नमुना: प्रतिसाद तसाच राहिला तर प्रथिनावर संशय कमी, एलपीएसवर जास्त. दुसऱ्यात पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं प्रतिजैविक), १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर: प्रतिसाद कोसळला तर एलपीएसच. लिपोप्रोटीनला मात्र पॉलिमिक्सिन अडवत नाही. खरा निकाल टीएलआर४ नसलेल्या पेशी देतात. सी३एच/एचईजे उंदरांना एलपीएस का बाधत नाही, हे १९९८ मध्ये उलगडलं तेही याच जनुकात: ७१२व्या जागी प्रोलिनऐवजी हिस्टिडीन.

बुरशीसाठी झायमोसान (यीस्टच्या पेशीभित्तिकेचे कण) वापरताना लक्षात ठेवा, ते टीएलआर२ आणि डेक्टिन-१ या दोन्ही ग्राहींना चेतवतं. फक्त डेक्टिन-१ हवा असेल तर गरम अल्कलीने धुतलेलं झायमोसान घ्या.

विषाणूची नक्कल करणारं पॉली आय:सी (कृत्रिम दुपदरी आरएनए) नुसतं मीडियममध्ये घातलं तर एंडोसोम या पेशीतल्या पिशवीतला टीएलआर३ ते पाहतो. लिपिड रिएजंटने पेशीच्या आत सोडलं तर पेशीद्रवातले एमडीए५ आणि आरआयजी-१ हे ग्राही. इथे टीएनएफऐवजी इंटरफेरॉन-बीटा मोजा.

सीपीजी डीएनएला (जिवाणूच्या डीएनएची नक्कल, ती टीएलआर९ ओळखतो) या पेशी गप्प राहिल्या तर रिएजंट फेकू नका. माणसात टीएलआर९ मुख्यतः बी पेशी आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींत असतो. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये मात्र तो सापडतो.